नदीपलीकडून पाहिलेली क्रांती

प्रश्न : १९११ साली चीनमधील बादशाही उलथली, त्या वेळी तेथे असलेल्या पाश्चात्त्य बातमीदारांच्या हकिगती कितपत विश्वासार्ह मानाव्यात?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले बहुतांशी खरे मानावे, त्याचा लावलेला अर्थ मात्र पारखून घ्यावा. ९ ऑक्टोबर १९११ रोजी मध्य चीनमधील हँकौ शहराच्या रशियन वसाहतीत क्रांतिकारकांच्या हातून चुकून बॉम्ब फुटला, सभासदांच्या याद्या पोलिसांच्या हाती लागल्या, आणि धरपकड सुरू होताच दुसऱ्याच रात्री समोरच्या तीरावरील वुचांगमध्ये सैनिकांनी बंड केले. परकीय मंडळींचा मुक्काम हँकौला, नदीकाठच्या आपापल्या संरक्षित वसाहतींत होता, आणि मध्ये किलोमीटरभराहून रुंद यांगत्से होती. आयर्विन पुलापाशी उभे राहून सांगलवाडीच्या घराघरांत काय शिजते आहे ते सांगण्यासारखेच हे झाले, आणि आपली कृष्णा तर त्या मानाने ओढाच म्हणायची!

हितसंबंधही विसरू नयेत. लंडनच्या ‘टाइम्स’चे पेकिंगमधील नामांकित बातमीदार जॉर्ज मॉरिसन यांना चिनी वाचता येत नव्हते. सहा वर्षांच्या बादशहाच्या वतीने १२ फेब्रुवारी १९१२ रोजी राजत्याग जाहीर झाला, तो बादशाहीचे पंतप्रधान युआन शिकाई यांनी घडवून आणलेल्या तडजोडीतून; आणि त्याच वर्षी मॉरिसन या युआन यांचेच सल्लागार झाले.

अर्थ कसा निसटतो, याचे उत्तम उदाहरण केसांचे आहे. वेशीवर कात्री घेऊन उभे असलेले सैनिक बाजाराला आलेल्या खेडुतांच्या वेण्या कापत, हे अनेकांनी पाहिले, आणि काहींनी ते सुधारणेचे लक्षण मानले. वास्तविक कपाळावरचे केस भादरून मागे लांब वेणी ठेवण्याची सक्ती चीन जिंकून तेथे ही बादशाही चालवणाऱ्या मांचूंनी १६४५ मध्ये केली होती आणि न मानणाऱ्याचे शिर उडवले जाई. म्हणजे ती वेणी ताबेदारीची खूण होती. मात्र अडीचशे वर्षांत ती अंगवळणी पडल्यामुळे कित्येक खेडूत कापलेली वेणी हातात धरून रडत, हेही तितकेच खरे आहे. मराठीत या वेणीला सर्रास ‘शेंडी’ म्हटले जाते, ते मला पटत नाही. आपली शेंडी कोणा परक्या राजाने हुकूम काढून ठेवायला लावली नव्हती. तेव्हा अशी हकिगत वाचताना ‘शेंडी’ हा शब्द दिसला, तर तेथे ‘वेणी’ वाचावे.