जीझिपच्या आधी करायची कामं: २०० टॅग, फोरजी सिम आणि दिवसाला ४ जीबी

प्रश्न असा आहे: पीएलसीवरचे (कारखान्यातली यंत्रं चालवणारा नियंत्रक) २०० टॅग (तापमान, दाब अशी मोजली जाणारी मूल्यं), दर सेकंदाला वाचन, प्रत्येक वाचनाचा वेगळा जेसन (मजकुराच्या रूपातला) संदेश एमक्यूटीटी या संदेशवहन पद्धतीने एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडकडे, आणि फोरजी सिमचा डेटा दिवसाला ४ जीबीच्या घरात. डेटा दाबणारं जीझिप लावू का?

आत्ता लावू नका. १२० बाइटच्या संदेशाला जीझिपचं स्वतःचं शीर्षक आणि शेपूट मिळून १८ बाइट चिकटतात, आणि एवढ्या छोट्या मजकुरात दाबण्यासारखी पुनरावृत्ती फारशी नसते. हाती जवळपास काही लागत नाही.

आधी हे ४ जीबी कुठून येतात ते पाहा. २०० टॅग गुणिले ८६,४०० सेकंद म्हणजे दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार संदेश. प्रत्येकात जेसन साधारण १२० बाइट, टॉपिकचं (संदेशावरच्या पत्त्याचं) नाव ४०, एमक्यूटीटीचे ५ ते ७, टीएलएस या सुरक्षा थराचे २२ ते २९ आणि टीसीपी-आयपी या नेटवर्क थराचे किमान ४०. म्हणजे चिठ्ठीइतकंच पाकीट जड. क्यूओएस १ (प्रत्येक संदेशाची पोच मागणारी पातळी) असेल तर परतीच्या पोचपावत्या वेगळ्याच.

म्हणून पहिलं काम गठ्ठा बांधण्याचं. एका मिनिटाची सगळी वाचनं एका संदेशात, सुरुवातीची वेळ एकदाच, टॅगची नावं अजिबात नाहीत. त्यांचा क्रम कॉन्फिगरेशनमध्ये ठरलेला. प्रत्येक मूल्य २ बाइटचा पूर्णांक. २०० × ६० × २ = २४,००० बाइट प्रति मिनिट, म्हणजे दिवसाला साधारण ३५ एमबी. अजून कॉम्प्रेशनचा एकही अल्गोरिदम वापरलेला नाही.

बिलाचंही तसंच. एडब्ल्यूएसची संदेश स्वीकारणारी सेवा, आयओटी कोअर, संदेश ५ केबीच्या मापात मोजते. १२० बाइटचा संदेशही एक माप आणि ५ केबीचाही एकच. तुमची आजची १२,००० मापं प्रति मिनिट वरच्या गठ्ठ्यात ५ वर येतात. मायक्रोसॉफ्टच्या अझूर आयओटी हबच्या सशुल्क श्रेणीत हेच माप ४ केबीचं आहे. मात्र स्वतः ठरवलेल्या रचनेचा बायनरी गठ्ठा आयओटी कोअरच्या नियमांना जेसनसारखा थेट वाचता येत नाही, मधे उलगडणारं लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं. ते धरूनच हिशेब करा.

दोन बाइटचा पूर्णांक पुरेल का, ही शंका येईलच. १२ बिटांच्या अ‍ॅनालॉग कार्डावर ४,०९६ पायऱ्या असतात. ० ते ४०० अंशांच्या ट्रान्समीटरला एक पायरी सुमारे ०.१ अंशाची. शिवाय ब वर्गाच्या पीटी१०० तापमान सेन्सरची मान्य चूक १०० अंशांना ±०.८. अशा वेळी ७२.३४५६७८९ मधले शेवटचे सहा आकडे निव्वळ गोंगाट आहेत, आणि गोंगाट कुठल्याही अल्गोरिदमला दाबता येत नाही. तापमान गुणिले १० करून पूर्णांक पाठवा. सीमेन्स एस७ पीएलसी असेल तर कार्डाचा ० ते २७,६४८ हा कच्चा आकडाच पाठवा आणि स्केलिंग क्लाउडमध्ये करा. गठ्ठ्याच्या सुरुवातीला कॉन्फिगरेशनचा आवृत्ती क्रमांक मात्र हवाच. उद्या कोणी ट्रान्समीटरची रेंज बदलली तर जुना डेटा नव्या स्केलने वाचला जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

यानंतर डेल्टा, म्हणजे फक्त फरक पाठवणं. गठ्ठ्यात मूल्यं सेकंदवार न लावता टॅगवार लावा, म्हणजे एका टॅगची ६० वाचनं सलग. पहिलं पूर्ण, पुढची फक्त फरक. −६४ ते ६३ पर्यंतचा फरक झिगझॅग व्हेरिंटमध्ये (छोट्या आकड्याला कमी बाइट देणारी पद्धत) एका बाइटात बसतो. प्रोटोबफ ही बायनरी मांडणी वापरत असाल तर फरकांना साधा इंट३२ देऊ नका: त्यात प्रत्येक ऋण आकडा १० बाइट खातो. तिथे सिंट३२ हवा. प्रत्येक गठ्ठ्याची सुरुवात पूर्ण मूल्याने झालीच पाहिजे, नाहीतर एक संदेश हरवला की पुढचं सगळं वाकडं. हे झाल्यावर झेडस्टँडर्ड हा कॉम्प्रेशनचा अल्गोरिदम लावा, कारण आता समोर ०, १, −१ यांच्या लांबच लांब रांगा असतात. फ्लोट (दशांश आकडे) ठेवायचेच असतील तर फेसबुकने २०१५ मध्ये मांडलेली गोरिला या डेटाबेसची एक्सऑर पद्धत (लागोपाठच्या आकड्यांतले फक्त वेगळे बिट साठवणारी) बघा. त्यांच्या डेटावर १६ बाइटचं वाचन सरासरी १.३७ बाइटवर आलं होतं, पण तो सर्व्हरच्या देखरेखीचा डेटा होता. गोंगाट असलेल्या प्रेशर ट्रान्समीटरकडून तेवढी अपेक्षा धरू नका.

इथपर्यंत फारसं काही गमावलेलं नाही. डेडबँड (ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान बदल न पाठवणं) आणि स्विंगिंग डोअर (सरळ रेषेत बसणारी वाचनं गाळणं) ही पुढची पायरी आहे, आणि तिथे मर्यादा आयटीवाल्याने एकट्याने ठरवू नये. प्रोसेस आणि इन्स्ट्रुमेंटची माणसं बसवा. स्विंगिंग डोअरमध्ये शेवटच्या साठवलेल्या बिंदूच्या वर-खाली ±ई अंतरावर दोन बिजागऱ्या मानतात. नवं वाचन आलं की दोन्ही दारं गरजेपुरती उघडतात, मिटत मात्र नाहीत. दारं समांतर रेषेच्या पलीकडे गेली की आधीचं वाचन साठवायचं आणि तिथून पुन्हा सुरुवात. पीआय हिस्टोरियन या कारखान्याचा डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच पद्धत आहे आणि तिथे नव्या टॅगला न बदललेला कॉम्पडेव्ह (म्हणजे वरचा ई) स्पॅनच्या, म्हणजे मोजमापाच्या पल्ल्याच्या, २ टक्के असतो. ० ते ४०० अंशांवर ते ८ अंश झाले! रिअ‍ॅक्टरचं तापमान ८ अंश हललं तरी ट्रेंड सपाट.

साध्या डेडबँडची हमखास खोड म्हणजे दहा मिनिटं स्थिर असलेलं प्रेशर अचानक पडतं आणि आलेखात दहा मिनिटांचा उतार दिसतो. उडीच्या लगेच आधीचं वाचनही सोबत पाठवलं की हे होत नाही. काहीच बदललं नाही तरी ५-१० मिनिटांनी एक वाचन जाऊ द्या, नाहीतर स्थिर टॅग आणि मेलेला सेन्सर यांतला फरक कळणार नाही. ऊर्जा मीटर, टोटलायझर (एकूण बेरीज मोजत जाणारा), बॅच क्रमांक आणि अलार्म यांना डेडबँड लावायचा नाही. अलार्म तर गठ्ठ्याचीही वाट न पाहता वेगळ्या टॉपिकवर. आणि डॅशबोर्ड करणाऱ्यांना बजावून सांगा की विरळ झालेल्या डेटाची साधी सरासरी चुकीची येते, वेळेचा भार देऊनच काढा.

कंपनाचे सेन्सर यात मिसळू नका. तीन अक्ष, २५.६ किलोहर्ट्झ, १६ बिट म्हणजे एका पंपामागे दिवसाला १३ जीबीहून जास्त. गेटवेवरच (पीएलसी आणि क्लाउड यांच्या मधला संगणक) आरएमएस (कंपनाची सरासरी ताकद), पीक, क्रेस्ट फॅक्टर (पीक भागिले आरएमएस) आणि ठरावीक फ्रिक्वेन्सी पट्ट्यांची ऊर्जा काढून तेवढंच पाठवा. कच्ची लहर २ सेकंदांची, दिवसातून दोनदा आणि अलार्म आल्यावर. ती साधारण ३०० केबीची होते आणि आयओटी कोअरच्या संदेशाची कमाल मर्यादा १२८ केबी आहे, म्हणून थेट एस३ या एडब्ल्यूएसच्या फाइल साठ्यावर चढवा. तिला फ्लॅक लावा: ऑडिओसाठीचं असलं तरी पूर्णांकांची लहर ते काही न गमावता दाबतं. डेडबँड लावलात तर बेअरिंगचे बारीक ठोकेच आधी पुसले जातील.

लाइव्ह करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस कच्चा डेटा गेटवेच्या एसएसडीवर साठवा, तो दिवस स्टार्टअप किंवा ग्रेड बदलाचा निवडा. मग क्लाउडमधून उलगडलेला डेटा त्याच्याशी ताडून पाहा: प्रत्येक टॅगची कमाल चूक, टोटलायझरचे आकडे, अलार्मच्या वेळा. त्याच दिवशी सिम अर्धा तास काढून ठेवा. जोडणी परतल्यावर आधी ताजा डेटा आणि मग तुंबलेला, संथ गतीने जातो का, आणि वेळेचे शिक्के गेटवेवरचे आहेत की क्लाउडमध्ये पोचल्याचे, हे तेव्हाच कळतं.