चायनावाळा बेन आणि गरम पाणी

प्रश्न : ताई, मी बडोद्याला वाघोडिया रोडवर राहते आणि हालोलकडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. नवी मशिनं बसवायला सहा महिन्यांसाठी एक चिनी इंजिनियर आली आहे, साधारण माझ्याच वयाची. लाइनवरचे सगळे तिला ‘चायनावाळा बेन’ म्हणतात. तिचं टेबल माझ्या शेजारी आहे. मैत्री करावीशी वाटते, पण ऑफिसात जो तो सांगतो, ‘चिनी माणूस आतल्या गाठीचा, थंड. मनातलं कधी कळू देणार नाही.’ मलाही तसंच दिसतं. डब्यातलं काही पुढे केलं की नको म्हणते. रोज तिचं काही ना काही काम करून देते, पण आता ती साधं ‘थँक यू’सुद्धा म्हणत नाही. मात्र पहिल्याच आठवड्यात पगार किती आणि लग्न का नाही केलं, हे विचारून झालं. गेल्या महिन्यात माझी आजी गेली. रजेवरून आल्यावर तिला सांगितलं, तर ती चक्क हसली. मग उठून गेली आणि गरम पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला. शब्द एक नाही. बाबा म्हणतात, चिन्यांच्या नादी लागूच नकोस. हा त्यांचा स्वभावच असतो का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : तो ग्लास तू प्यायलीस की तसाच ठेवलास, ते पत्रात लिहिलेलं नाहीस.

मकरपुरा जीआयडीसीत पंपांच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं खरेदी खात्यात होते. कास्टिंग (ओतीव भाग) चीनमधल्या निंगबोहून यायची, त्यामुळे सहा वेळा तिकडे जाणं झालं. चीनमध्ये गरम पाणी हे नुसतं पाणी नसतं. स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात, कारखान्याच्या प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि ज्याच्या त्याच्या हातात थर्मास. सर्दी झाली, पोट दुखलं, नवऱ्याशी बिनसलं, तरी सल्ला एकच : गरम पाणी पी. तिकडच्या तरुण मुली यावरून आपापल्या नवऱ्यांची टरसुद्धा उडवतात. आपल्याकडे कोणी गेलं की शेजारून पिठलंभात येतो. तिच्याजवळ त्या ऑफिसात दुसरं काय होतं आणून द्यायला?

आता हसण्याचं. एकदा आमचा कंटेनर जहाजावर चढलाच नाही आणि तिथल्या कारकुनाने मला ते हसत हसत सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर हात आपटून बोलले, तसा तो आणखी हसला. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर जिन्यात एकटाच बसला होता, कान लालबुंद. अवघडल्यावर, शरमेने, काय बोलावं ते न सुचून हसणारी माणसं मला तिथे बरीच भेटली. आपल्यातही असतात. माझे एक आतेभाऊ स्मशानातसुद्धा हसतात आणि सगळं घर त्यांना सांभाळून घेतं.

‘नको’चं तर आपण कौतुक करायला हवं. पहिल्या आग्रहाला पुरणपोळी वाढून घेणारा पाहुणा तुझ्या घरी कधी आलाय? त्यांच्याकडे ‘खछी’ म्हणून शब्द आहे. शब्दशः पाहुण्याची ढब. आग्रह करताना म्हणतात, ‘खछी करू नको’, म्हणजे परक्यासारखं वागू नकोस. या ढबीत आभारही आले. जवळच्या माणसाचे उठल्याबसल्या आभार मानले तर तो म्हणतो, मी काय परका झालो? तू आईला थँक यू म्हणून बघ, ती तुझ्या कपाळाला हात लावून ताप बघेल. तू लिहितेस की ‘आता’ ती थँक यू म्हणत नाही. म्हणजे आधी म्हणत होती. यात तुला थंडपणा दिसतो, मला उलटंच दिसतं. ‘आपला माणूस’ याला त्यांच्या भाषेत अगदी तसाच शब्द आहे आणि तुझी वाटचाल तिकडेच चालली असावी. पगार आणि लग्न विचारणाऱ्या बाईला मनातलं न सांगणारी कसं म्हणायचं, हे तर मला समजलंच नाही. दांडिया बाजारातल्या माझ्या सगळ्या मावश्या हेच विचारतात.

स्पष्ट ‘नाही’ मात्र त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही. ‘जरा गैरसोयीचं आहे’, ‘विचार करू’ असं आलं की समजायचं. आपण मुलीकडच्यांना ‘पत्रिका जुळत नाही’ कळवतो, तसंच ते.

मी काय शहाणी होते असं नाही. दुसऱ्या खेपेला आमच्या पुरवठादाराकडच्या एका बाईंनी मला घरी जेवायला बोलावलं. मी इथून मोठ्या हौसेने लक्ष्मीविलास पॅलेसचं चित्र असलेलं भिंतीवरचं घड्याळ नेलं. त्यांच्या आईने ते दोन्ही हातांनी घेतलं, आत गेल्या, आणि परत येऊन माझ्या तळहातावर एक युआनचं नाणं ठेवून माझी बोटं मिटली. मला वाटलं, सवाष्णीच्या हातावर काहीतरी ठेवतात तसलं असेल. मी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी तांदळाच्या पिठाचे उकडलेले लाडू वाढले, आत काळ्या तिळाचं सारण, आपल्या मोदकाच्या चुलतभावासारखे. पाच खाल्ले. (सारणात डुकराची चरबी घालायची तिकडे रीत आहे हे नंतर कळलं. सासूबाई होत्या तोवर घरात बोलले नाही.)

दोन वर्षांनी त्याच बाईंनी गाडीत सहज सांगितलं. घड्याळ भेट देणं आणि मरणाऱ्याची अखेरची पाठवणी करणं, या दोन्हींचा चिनीत उच्चार एकच. म्हातारीने मला नाणं देऊन ते घड्याळ विकत घेतलं होतं, म्हणजे ती भेट राहिली नाही. मी ओशाळले, त्या खळखळून हसल्या. घड्याळ तेव्हाही भिंतीवर होतं. त्या दोन वर्षांत मी इथे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, ‘चिनी लोक फार औपचारिक बाई.’

स्वभावाची लेबलं चिकटवायची खोड जुनी आहे आणि ती दोन्हीकडे आहे. शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग आठवतो ना? इ. स. 641च्या सुमारास तो पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि लिहून गेला की इथले लोक साधे, मानी, उपकार न विसरणारे, पण अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय न राहणारे. हे वाचून आपली छाती फुगते. तोच भरूचलाही आला होता, बडोद्याहून जेमतेम सत्तर किलोमीटर. तिथले लोक समुद्राचं पाणी आटवून मीठ काढतात, हे त्याने नोंदवलं, आणि स्वभावाने थंड, मनाने वाकडे, असा शेराही मारला. म्हणजे चिनी माणूस गुजरातेत येऊन इथल्या माणसांना थंड म्हणून गेला! माझी धाकटी जाऊ भरूचची आहे. तिला हे ऐकवलं तेव्हा तिने जी काही उसळी घेतली, त्यात थंड काही नव्हतं.

शिवाय ‘चिनी’ म्हणजे कुठली? 140 कोटींचा देश. त्यांच्यात आपापसात काय काय चालतं ते ऐकलंस तर करमणूक होईल. ईशान्येकडचे मोठ्या आवाजाचे, जेवणाच्या टेबलावर जीव ओवाळून टाकणारे, शांघायचे हिशेबी, सिचुआनच्या मुली मिरचीसारख्या तिखट. पुणेकर आपल्या बडोद्याच्या मराठीला नाकं मुरडतात, तशातलंच. तिला गाव विचार, आणि तिच्या गावच्यांना बाकीचे काय म्हणतात तेही विचार. तासभर बोलेल.

बाबांशी वाद घालू नकोस. सीमेवर जे झालं ते झालंच आहे, ते तुम्ही दोघी डब्यावर बसून मिटवणार नाही. फक्त एवढं सांग त्यांना, 1962 साली आपण आसाम-बंगालकडच्या चिनी वंशाच्या सुमारे 3,000 माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन डांबलं. कित्येकांचा जन्म इथलाच होता. डॉ. कोटणीसांचा दाखला देण्याचा मोह मी टाळते. सोलापूरचा हा डॉक्टर 1938मध्ये तिकडे गेला, भाषा शिकला, 1942मध्ये तिथेच वारला. थोरच माणूस, पण त्यांचं नाव काढलं की मैत्रीचं राष्ट्रकार्य होतं, आणि तुला शेजारच्या टेबलावरची एक बाई हवी आहे.

तेव्हा तिच्याकडे काहीतरी माग. तू देतच सुटली आहेस, तिला फेडायला जागा ठेवलेली नाहीस. ड्रॉइंगवरची चिनी अक्षरं वाचून घे, पोटदुखीवर काय घेतेस ते विचार. एखाद्या रविवारी सेव-उसळ खायला ने. पहिलं ‘नको’ ऐकू आलं नाही असं समज, तिसरं मात्र खरं मान. लाइनवरच्यांना तिचं नाव नीट म्हणायला शिकव. आडनाव आधी असतं, नाव मागून. आणि ती परत जायच्या आत ई-मेलचा पत्ता घेऊन ठेव. ती वीचॅट या चिनी मेसेज-ॲपवर बोलावेल, ते आपल्याकडे 2020पासून बंद आहे. त्या घड्याळवाल्या घरच्या बाई आणि मी अजून ई-मेलवरच असतो. त्यांचा मुलगा आता कॉलेजात आहे, पगार किती मिळेल याची चौकशी माझ्याकडे सुरू झाली आहे.