जमीन नसताना कोल्हापूरजवळ सेंद्रिय माळवं शिकायचं असेल तर

नोकरी सांभाळून, स्वतःची गुंठाभरही जमीन नसताना, कोल्हापूरच्या आसपास कुणाच्या शेतात बिनपगारी राबून सेंद्रिय भाजीपाला पिकवायला शिकता येतो का, असं तुम्ही विचारलंय. येतो. मी असाच शिकलो, करवीर तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या रानात. आता खंडाने घेतलेल्या थोड्या जागेत घरापुरती भाजी पिकवतो. जायचं तर एकच शेत धरा आणि एक पुरा हंगाम धरा, बी टाकल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत. शिबिरात जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या खताची, कृती मिळते. पण त्याच वाफ्याकडे दर आठवड्याला परत गेल्यावर जे कळतं, ते शिबिरात कुणी सांगू शकत नाही.

सगळ्यात आधी वाफसा, म्हणजे मातीत कामापुरतीच ओल असण्याची वेळ, ओळखायला शिका. पाऊस उघडला म्हणून लगेच काळ्या रानात शिरलात तर माती दबते, वाळल्यावर तिची ढेकळं होतात आणि मुळांना हवा मिळत नाही. मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला, पण बोटाने ढोसल्यावर मोकळा झाला, तर कामाला लागायचं. बोटाला चिकटली तर थांबायचं. पंचगंगेकाठच्या भारी जमिनीला वाफसा यायला वेळ लागतो, पन्हाळ्याकडच्या तांबड्या रानात तो लवकर येतो. म्हणून पाण्याच्या पाळ्या कागदावर लिहून घेण्यापेक्षा शेतकरी पाणी कधी पाजतो आणि कधी मुद्दाम पाजत नाही, ते बघा.

मग भांगलण. इथे तुमच्या शिक्षिका बहुतेक त्या घरातल्या बायकाच असतील आणि त्यांच्याइतकं रान कुणालाच माहीत नसतं, हे माझं ठाम मत आहे. खुरपं घेऊन त्यांच्या पातीत बसा. रोप दोन पानांवर असताना तण कुठलं आणि पीक कुठलं, हे त्या न थांबता ओळखतात. साधं तण फुलावर येण्याआधी काढलं तर तिथेच आच्छादन म्हणून पडू द्यायचं. हरळी आणि लव्हाळा मात्र रानाबाहेर न्यायचा, नाहीतर पुन्हा रुजतो. भांगलताना पानं उलटून बघायची सवयही त्यांच्याकडूनच लागते, कारण मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, आधी पानाच्या खालच्या बाजूला धरतो.

खताबाबत नवी माणसं जीवामृतावरच अडकून पडतात. ते जरूर शिका: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो काळा गूळ, 2 किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. हे सावलीत ठेवून रोज ढवळायचं. पण पिकाचं पोट भरायचं काम शेणखत आणि काडीकचराच करतो. नीट कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही आणि ढिगात हात घातला तर ऊब लागत नाही. कच्चं शेण रानात गेलं की तणाचं बी आणि मुळं खाणारी हुमणी अळी, दोन्ही सोबत येतात. आपल्याकडे उसाचं पाचट मिळतं, ते पेटवू न देता वाफ्यांत पसरणारा शेतकरी भेटला तर त्याला सोडू नका.

किडीचं शिक्षण वांग्यावर घ्या. शेंड्याने मान टाकली की आत अळी आहे समजायचं, शेंडा तिच्या खालून कापायचा आणि रानात न टाकता नष्ट करायचा. पतंगांसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे), टोमॅटोच्या कडेने झेंडू, मावा-पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे. निंबोळी अर्कासाठी 5 किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी करायचं आणि फवारणी संध्याकाळी करायची, कारण उन्हात त्याचा असर लवकर जातो.

शेत निवडताना शेजारचं रान आवर्जून बघा. आपल्या भागात चारी बाजूंनी ऊस असतो आणि उसातल्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. वाऱ्याबरोबर ते आलं की टोमॅटो, भेंडी, घेवड्याची पानं वेडीवाकडी होतात. ज्याने बांधावर उंच झाडं लावलीत, कडेची पट्टी मोकळी सोडलीय आणि शेजाऱ्याशी बोलून ठेवलंय, तो हे काम मनापासून करतोय. पीजीएस, म्हणजे एकमेकांच्या हमीवर सेंद्रिय प्रमाणपत्र घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातला शेतकरी मिळाला तर उत्तम. तिथे शेतकरीच एकमेकांची रानं तपासतात, त्या तपासणीला सोबत जायला मागा. कणेरीच्या सिद्धगिरी मठाचं कृषी विज्ञान केंद्र आणि तिथली एका एकरातली लखपती शेती आधी बघून या. तालुका कृषी कार्यालयात ‘आत्मा’ या सरकारी कृषी विस्तार यंत्रणेच्या माणसांना गटांची माहिती विचारता येते.

सेंद्रिय शेतांवर राबून शिकायची ‘वूफ’ (WWOOF) ही चळवळ 1971 साली इंग्लंडमध्ये सुरू झाली, तिची भारतातही शाखा आहे. तिथे सभासद होऊन दिवसातले काही तास काम करायचं आणि राहणं-जेवण यजमानाकडे, अशी पद्धत असते. तुम्ही कोल्हापुरातच आहात, तेव्हा दर रविवारी सकाळी जाऊन-येऊन भागेल.

बोलणं मात्र पहिल्याच दिवशी स्वच्छ करा: किती तास, कुठलं काम, जेवण कुणाचं. तुमच्या फुकट हातांमुळे रोजंदारीवरच्या बाईचा दिवस जाता कामा नये. तसं होतंय असं दिसलं तर मी त्या शेतावर थांबणार नाही, तुम्हीही थांबू नका. धनुर्वाताची सुई घेऊन ठेवा, गमबूट घाला, पाचट हाताने उचलण्याआधी काठीने हलवा. घोणस अशाच जागी बसते.

सुरुवात पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर करा. आपल्याकडचा भर पावसाळा नवख्याला फार काही शिकू देत नाही. एक वाफा मेथीचा स्वतःसाठी मागून घ्या. महिन्याभरात काढणी होते, त्यामुळे दिवाळीच्या आसपास पहिली मेथी हातात येईल. तिच्याच जोडीला वांगी-टोमॅटोची रोपं लावलीत तर उन्हाळा लागेपर्यंत रोज काहीतरी बघायला मिळेल. शेतकऱ्याला भेटायला मात्र ऑगस्टमध्येच जा, म्हणजे गादीवाफे करताना आणि रोपं टाकताना तुम्ही हजर असाल.