शेकडो हादरे बसले म्हणजे ज्वालामुखी फुटणारच का?

प्रश्न : माझा मुलगा खगोलशास्त्रज्ञ आहे. कामानिमित्त तो अटलांटिक महासागरातल्या स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरच्या वेधशाळेत असतो. २०२१ मध्ये तिथे ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. आता बेटाखाली लहान भूकंप झाल्याची बातमी वाचली की माझी झोप उडते. तो म्हणतो, "आई, इथे यंत्रं लावलेली आहेत." पण यंत्रांना नेमकं कळतं काय? शेकडो हादरे म्हणजे उद्रेक ठरलेलाच ना? आणि आपलं पुणंही ज्वालामुखीच्याच दगडावर वसलंय, त्याचं काय?
— एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो लवकर संपतो. वेताळ टेकडी काय किंवा पाताळेश्वराचं लेणं काय, सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा ज्या तप्त स्थानातून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून उष्णता सतत वर येते अशा जागेतून आला, ते आज हिंदी महासागरात रेयुनियन बेटाखाली आहे. आपली भूमी उत्तरेकडे सरकत आली, ते मागे राहिलं. कोयनेचे धक्के खडकातल्या भेगा सरकल्यामुळे बसतात, लाव्हाशी त्यांचा संबंध नाही. पुण्याची काळजी सोडा.

आता मुलाकडे वळू. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत असताना भूकंपाचा विषय निघाला की मुलांचा पहिला प्रश्न असे, "मॅडम, किती रिश्टरचा?" ज्वालामुखीच्या बेटावर मात्र आकड्याआधी विचारायचं, हादरे किती खोल आहेत आणि कुठल्या दिशेला चाललेत? वर येणारा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, भोवतालचा खडक फोडत वाट काढतो. प्रत्येक फुटीचा एक छोटा भूकंप होतो, म्हणून हादऱ्यांची जागा सरकू लागली की मॅग्मा सरकतोय असं समजायचं.

ला पाल्माखाली ऑक्टोबर २०१७ मध्येच हादऱ्यांची मालिका झाली होती. नंतरही अधूनमधून होत राहिल्या, उद्रेक झाला नाही. ११ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालेली मालिका वेगळी निघाली. दहा-बारा किलोमीटर खोलीवरचे हादरे दिवसागणिक वर येऊ लागले, पश्चिमेकडे सरकले आणि जमीन दहा सेंटीमीटरहून जास्त फुगली. १९ तारखेला दुपारी डोंगर फाटला. तरी तोवर इशारा पिवळाच होता, लाल झाला तो उद्रेकानंतर. लाव्हा ८५ दिवस वाहिला, सुमारे सात हजार माणसांना घरं सोडावी लागली. ती घरं आठवली की मला अजून वाईट वाटतं.

उलट उदाहरणही आहे. मार्च २०२२ मध्ये पोर्तुगालच्या अझोर्स बेटांमधल्या साओ जॉर्ज बेटाखाली हजारो हादरे झाले. लोक बोटीत बसून बेट सोडून गेले. उद्रेक झालाच नाही, मॅग्मा खालीच अडला. म्हणजे नुसत्या संख्येवरून काहीच ठरत नाही.

बेटांची खरी अडचण समुद्राची. भूकंपाची जागा अचूक काढायला त्याच्या चहूबाजूंनी यंत्रं हवीत. बेट छोटं, भोवती पाणी, त्यामुळे हादरा किनाऱ्याबाहेर झाला की सगळी यंत्रं एकाच बाजूला पडतात आणि खोली नीट लागत नाही. त्यात लाटांमुळे जमीन सतत बारीक थरथरत असते. कॅनरीतल्याच एल हिएरो बेटावर २०११ मध्ये जुलैपासून दहा हजारांहून जास्त हादरे नोंदले गेले. ते उत्तरेकडून दक्षिणेला सरकत गेले, आणि १० ऑक्टोबरला तोंड उघडलं ते ला रेस्टिंगा गावापुढच्या समुद्रतळावर! ते प्रथम कळलं सलग कंपनामुळे. सुटे धक्के थांबून यंत्रावर न तुटणारी थरथर उमटते. महापालिकेचं पाणी यायच्या आधी पाइप घरघरतो ना, तसं काहीसं. खडक फुटण्यापेक्षा मॅग्मा आणि वायू वाहण्याचा तो आवाज असतो. ही खूण दिसली की वेळ फार उरलेली नसते.

तुमच्या मुलाची वेधशाळा बेटाच्या उत्तर भागात, २०२१ चा डोंगर दक्षिणेला. तेव्हा राखेमुळे दुर्बिणी बंद ठेवाव्या लागल्या, पण लाव्हा तिथवर गेला नाही. स्पेनची राष्ट्रीय भूगोल संस्था प्रत्येक हादऱ्याची वेळ, जागा आणि खोली जाहीर करते. बातमी आली की मुलाला एवढंच विचारा, "खोली कमी होतेय का रे? आणि जमीन फुगतेय का?" दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं, तर त्या रात्री तुम्ही निवांत झोपा.