दगड उकळू नका, कॅलेंडर टांगा

प्रश्न : ताई, माझी १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी दोन वर्षांची आहे. दगडी प्रवाळ नाहीत, फक्त झोआ, म्हणजे फुलासारखे उघडणारे-मिटणारे प्रवाळासारखे जीव, आणि दोन क्लाउनफिश. दीड महिन्यापूर्वी एका दुकानातून केशरी झोआंचा तुकडा आणला. आता माझे जुने हिरवे झोआही आठ-आठ दिवस मिटून बसतात. हायड्रोमीटर १.०२५ दाखवतो, तापमान २६, नायट्रेट १०. रात्री दोन वाजता टॉर्च मारली तेव्हा हिरव्या झोआंवर हिरवाच केसाळ किडा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. चिमट्याने तीन काढले. दुसऱ्या रात्री आणखी दोन. मित्र म्हणतो, झोआंचा दगड बाहेर काढ आणि पाच मिनिटं उकळ, सगळं साफ होईल. उकळू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उकळू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आत्ता वाचा आणि मित्रालाही फोन करून सांगा.

झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. १९७१ साली हवाईच्या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. माउई बेटावर हाना नावाचं गाव आहे, तिथल्या एका डबक्यातला हा जीव. जुने लोक त्याला शेवाळ समजायचे आणि लढाईच्या भाल्यांना चोळायचे, अशी कथा आहे. असा दगड आपण स्वयंपाकघरात गॅसवर ठेवायचा म्हणजे ते विष वाफेच्या तुषारांवर बसवून घरभर फिरवायचं. ताप, धाप, डोळ्यांची आग. परदेशात दगड उकळून किंवा गरम पाण्याने खरवडून अख्खी कुटुंबं इस्पितळात गेल्याच्या नोंदी आहेत, आणि या विषावर उतारा नाही. हाच नियम मायक्रोवेव्हला, हाच गरम पाण्याच्या नळाला. झोआ कापताना, खरवडताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हातमोजे स्वयंपाकघरातले नकोत, वेगळे ठेवा.

आता तुमचा किडा. तो किडा नव्हे, कवच टाकून दिलेली समुद्री गोगलगाय आहे, नुडिब्रँक. आपल्यातले लोक लाडाने ‘नुडी’ म्हणतात, मला त्यात लाड करण्यासारखं काही दिसत नाही. ही जात झोआंवरच जगते आणि खाल्लेल्या झोआचा रंग अंगात मुरवते. पाठीवरच्या झिरमिळ्या तर हुबेहूब झोआच्या झालरीसारख्या. तुम्हाला हिरव्यावर हिरवी सापडली ना? केशरी तुकड्यावर केशरी बसलेली असेल, ती तुम्ही पाहिलीच नसेल. आज रात्री तिथे टॉर्च मारा.

चिमट्याने काढलेल्या पाच जणींचा आनंद मानू नका. मी बत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या पाहिल्या, त्यामुळे भिंग हातात घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही. तुम्हीही घ्या, दहापट मोठं दाखवणारं कोणतंही चालेल. झोआचा देठ खालून पाहा. तिथे पांढरी, अर्धपारदर्शक, जिलबीसारखी वेटोळी दिसतील, मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. त्या एका जिलबीत डझनावारी अंडी असतात. डिपचं, म्हणजे झोआ बुडवून काढायचं, औषध बाहेर फिरणाऱ्या नुडीला लोळवतं, जिलबीच्या आत शिरत नाही. बाटलीवर हे ठळक छापायला हवं, छापत नाहीत.

म्हणून असं करा. वीसेक लिटरचा प्लास्टिकचा टब, छोटा हीटर, छोटा पंप, टाकीतलंच पाणी. टाकीतला एकूण एक झोआ त्या टबात हलवा. ‘हा कोपऱ्यातला तर छान उघडतोय’ असं म्हणून एखादा मागे ठेवलात तर सगळी मेहनत फुकट. मोठ्या टाकीत सहा आठवडे झोआ नसला की तिथे उरलेल्या नुडींची खानावळ बंद. क्लाउनफिश तिथेच राहू द्या, नुडीला त्यांच्यात रस नाही.

टबातल्या झोआंना दर पाचव्या दिवशी डिप. आइस्क्रीमचे दोन डबे घ्या. पहिल्यात टाकीचं पाणी आणि डिपचं औषध किंवा ल्युगॉल्स आयोडीन, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. ‘जरा जास्त’ नको. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मोठ्या सिरिंजने देठांमधून पाणी मारत राहा, नुडी सुटून तळाला पडतात. दुसऱ्या डब्यात औषध नसलेल्या टाकीच्या पाण्यात विसळा. मग भिंग, आणि जिलब्या जुन्या टूथब्रशने किंवा चिमट्याने खरवडून काढा. अंडी साधारण आठवडाभरात फुटतात. दर पाचव्या दिवशी डिप दिला की नवी पिल्लं वयात येऊन पुन्हा अंडी घालायच्या आधी हाती लागतात. असे निदान सहा डिप. कॅलेंडरवर खुणा करा, स्वतःच्या आठवणीवर सोडू नका.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, पोळून सांगते आहे. एका पावसाळ्यात माझ्याकडेही ही अवदसा आली. चार डिप दिले. तिसऱ्यात काही पडलं नाही, चौथ्यातही नाही. पाचव्याच्या दिवशी घरी पाहुणे होते, मी कंटाळले होते, आणि झोआ टाकीत परत नेऊन ठेवले. तीन आठवड्यांनी पुन्हा मिटलेले. फ्रॅग प्लग, म्हणजे तुकडा चिकटवायची खुंटी, उलटा करून पाहिला तर खालच्या दांडीच्या खाचेत एक जिलबी, आणि शेजारी फुटलेल्या जिलबीचं रिकामं साल. वरून मी सगळं तपासलं होतं, प्लग उलटा केला नव्हता. तेव्हापासून झोआ नव्या प्लगवर सुपर ग्लूने चिकटवते आणि जुना प्लग कचऱ्यात.

डिपचं वापरलेलं पाणी संडासात ओता, खाडीत नाही. आपल्याकडची खाडी आधीच बरंच काही सोसते आहे.

आणि दुकान. मालकाला सांगा जरूर, पण भांडू नका. त्याच्याकडेही तो माल दुसरीकडूनच आला. पुढच्या वेळी नवा तुकडा थेट टाकीत न टाकता महिनाभर याच टबात ठेवा. टब आता घरात आहेच.

प्रश्न : मावशी, मी ब्रिस्बेनला असते. माझ्या ४०० लिटरच्या टाकीत अ‍ॅक्रोपोराच्या सात वसाहती आहेत, म्हणजे फांद्यांसारखं वाढणारं दगडी प्रवाळ. दोन फिकट पडल्या, बुंध्याकडे गोल पांढरट डाग आले. आधी वाटलं दिवा जास्त झाला, तो कमी केला. मग अल्कलिनिटीच्या मागे लागले. परवा पंपाचा झोत फांद्यांवर मारला तर पातळ पापुद्रे उडाले आणि माझ्या सिक्सलाइन रॅस माशाने झडप घालून खाल्ले. नवरा म्हणतो, मासा खातोय ना, मग झालं. झालं का?
— एक वाचक, ब्रिस्बेन

उत्तर : आधी भारतातल्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण ‘आम्हाला अ‍ॅक्रोपोरा कुठे मिळेल’ अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. मिळवू नका. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. मालवणला पाण्याखाली जाऊन डोळे भरून पाहा आणि हात मागे ठेवा.

तर ब्रिस्बेन. झालं नाही, पण सुरुवात चांगली आहे. ते पापुद्रे म्हणजे अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटकृमी. तो इतका पातळ आणि प्रवाळाच्याच रंगाचा असतो की फांदीवर बसलेला दिसत नाही, त्याने चावलेले गोल डाग तेवढे दिसतात. दिव्यावर संशय घेतलात यात तुमची चूक नाही, सगळेच घेतात. मजा अशी की हौशी लोकांच्या काचेच्या पेट्यांत तो आधी बदनाम झाला, त्याला शास्त्रीय नाव २०११ साली मिळालं, आणि समुद्रात तो सापडल्याची पहिली नोंद २०१२ ची, ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड आयलंडची. म्हणजे तुमच्याच क्वीन्सलँडची. माँटिपोरा हे दुसरं दगडी प्रवाळ खाणाऱ्या नुडीचीही तीच कथा, तिला नाव मिळालं २०२० मध्ये, तेही टाकीतल्या नमुन्यांवरून.

तुमच्या सिक्सलाइनचं काम खरं आहे. क्वीन्सलँडमधल्याच टाउन्सव्हिलच्या संशोधकांनी हा मासा आणि पेपरमिंट कोळंबी यांना या कृमीवर सोडून पाहिलं होतं आणि दोघांनीही कृमींची संख्या कमी केली. पण ‘कमी’ आणि ‘संपली’ यांत वसाहतीचा जीव जातो.

या कृमींची अंडी जिवंत प्रवाळावर नसतात. बुंध्याशी जिथे मांस जाऊन पांढरा सांगाडा उघडा पडलाय, तिथे तपकिरी-सोनेरी ठिपक्यांच्या चकत्या शोधा. पाणी २७ अंश असेल तर ती फुटायला साधारण ११ दिवस लागतात, थंड पाण्यात जास्त. डिपने हीही मरत नाहीत. त्यामुळे इथे खरवडत बसू नका, छाटा. निरोगी फांद्यांची टोकं कापून नव्या प्लगवर चिकटवा, उघडा पडलेला बुंधा फेकून द्या. वर्षानुवर्षं वाढवलेली वसाहत कापताना हात थरथरतो हे मला ठाऊक आहे. तरी कापा. मग सातही वसाहतींचे तुकडे वेगळ्या टाकीत, दर आठवड्याला डिप, प्रत्येक डिपनंतर डब्याच्या तळाला काय पडलं ते पांढऱ्या बशीत ओतून मोजा आणि लिहून ठेवा. आकडा शून्यावर आला की तिथून आणखी तीन आठवडे डिप चालू ठेवा, आधी थांबू नका. मोठ्या टाकीत या काळात अ‍ॅक्रोपोराची एकही काडी नको, खडकावर चिकटून राहिलेला बोटभर तुकडासुद्धा. निदान दोन महिने.

दिवा मात्र पूर्ववत करा. उगाच अंधारात ठेवलंत बिचाऱ्यांना.

प्रश्न : माझा मशरूम प्रवाळ मेला. सकाळी पाहिलं तर त्यावर तीन इंच लांब, गुलाबी, काटेरी किडा ताव मारत होता. तोच खुनी ना? सगळे पकडून मारू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अपघाताच्या जागी जो पहिला दिसतो त्यालाच पोलिस धरतात, तसं झालं हे. तुमचा तो ब्रिसल वर्म मढं खायला आलेला सफाई कामगार आहे. मशरूम आधी कशाने तरी मेला, बहुतेक पाण्याने. नाशिकला तुम्ही मीठ कालवून पाणी बनवता, ते कशात कालवता हे लिहिलं नाहीत. बोअरचं पाणी असेल तर आर.ओ. घ्या आणि पुढचं पत्र त्याबद्दल लिहा.

किड्याला हाताने धरू नका. धरलंच असेल, आणि मला वाटतं धरलं आहे, तर बोटात काचेच्या लोकरीसारखी कुसं शिरली असतील. चोळू नका. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा, दोन-तीन वेळा. उरलेल्यांवर व्हिनेगर लावा.