झिजलेलं नाणं : आधी वजन आणि कड बघा

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत एक मोठं चांदीचं नाणं सापडलं. ते येमेनमधल्या एडन बंदरात पलटणीत होते. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली बाई असावी, दुसऱ्या बाजूला पंखांसारखं काहीतरी. साल पार पुसलंय. व्यास सुमारे 4 सेंटिमीटर, वजन 27.4 ग्रॅम. कडी किंवा डाख कुठे नाही. कडेवर ‘ई टी’ आणि ‘सी एल ई एम’ एवढी रोमन अक्षरं लागतात. लक्ष्मी रोडवरच्या एका सराफांनी मशीनवर 83 टंच (शंभरात 83 भाग शुद्ध चांदी) काढला आणि ‘राणी छाप असेल, मोडीत द्या’ म्हणाले. देऊ का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : मोडीत मुळीच देऊ नका. हा ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिच्या छापाचा थालर, म्हणजे तिकडचं मोठं चांदीचं नाणं, आहे.

राणी छाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे तुमच्या नाण्याच्या निम्मासुद्धा नाही. या आकाराची दुसरी नाणी म्हणजे मेक्सिकोत पाडलेलं स्पॅनिश आठ रियाल, किंवा आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेलेला ब्रिटिश ट्रेड डॉलर. पण आठ रियाल कोरं असतानाच 27.07 ग्रॅम भरतं आणि ट्रेड डॉलर 26.96. झिजेनं वजन घटतं, वाढत नाही. आणि वजन वाढवणारा डाख नसल्यामुळे तुमच्या 27.4 वर विश्वास ठेवता येतो. कोरा थालर 28.07 ग्रॅमचा. शिवाय ती दोन्ही नाणी 90 टंचाच्या आसपासची, थालर 83 चा. सराफांनी टंच अगदी बरोबर काढला, नाव तेवढं चुकलं.

उरलेली शंका कड मिटवते. थालरच्या कडेवर ‘युस्टिटिया एट क्लेमेंटिया’, म्हणजे न्याय आणि दया, हे मारिया तेरेसाचं ब्रीद असतं. तुम्हाला लागलेली अक्षरं त्यातलीच. पदरवाली बाई म्हणजे विधवावेशातली मारिया तेरेसा आणि पंख दोन तोंडांच्या गरुडाचे. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून बघा, गरुडाच्या माना दिसू शकतील.

साल पुसलं याचं वाईट वाटून घेऊ नका. ती राणी नोव्हेंबर 1780 मध्ये वारली आणि त्यानंतर पाडलेल्या तिच्या प्रत्येक थालरवर 1780 हेच साल घातलं गेलं. अरबस्तानात आणि ॲबिसिनियात (आजच्या इथिओपियात) लोकांचा विश्वास त्या ओळखीच्या चेहऱ्यावर होता, म्हणून व्हिएन्ना, रोम, लंडन आणि 1940-41 मध्ये खुद्द मुंबईतही तोच छाप मारला गेला. तांबड्या समुद्राकाठचा कॉफीचा व्यापार या नाण्यावर चाले, आणि एडन 1932 पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं. तेव्हा तुमच्या पणजोबांच्या हाती ते पडणं अगदी स्वाभाविक. मला तर या नाण्याची हीच बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

टांकसाळ कोणती, हे राणीच्या ब्रोचमधल्या मोत्यांवरून आणि गरुडाच्या शेपटीच्या पिसांवरून ठरवतात. तुमच्या नाण्यावर ते उरलेलं नाही. ‘अस्सल 1780 चं’ म्हणून कुणी लाखांची भाषा केली तर ऐकू नका. एवढ्या झिजलेल्या थालरला चांदीच्या भावाहून फार जास्त कुणी देणार नाही.

चिंच, राख, पावडर यांपैकी काहीही लावू नका, त्यानं उरलेला छापही जाईल. पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, चांदीवर हिरवा चिकट थर धरतो. साध्या कागदी पाकिटात घाला आणि त्यावर पणजोबांचं नाव, एडन आणि वजन पेन्सिलीनं लिहून ठेवा.