नेटवरची चित्रं छापताना शाई आणि कागद वाया जाऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही देवगडजवळच्या शाळेसाठी माशांची चित्रकार्डं इंक टँक प्रिंटरवर छापता आहात. चित्रं फुटतात, एका पानावर एकच मासा येतो आणि पावसाळ्यात रंग पसरतात, हे तुमचं गाऱ्हाणं.

चित्र फुटण्यात प्रिंटरचा दोष नाही. गुगलच्या निकालात दिसणारं छोटं चित्र सेव्ह केलं की जेमतेम दोन-तीनशे पिक्सेल (चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं ते) हाती लागतात. त्यावर क्लिक करून मूळ पानावरचं मोठं चित्र उघडा आणि ते सेव्ह करा. हिशेब सोपा आहे : लांब बाजूचे पिक्सेल भागिले २००, म्हणजे तेवढ्या इंचांपर्यंत चित्र स्वच्छ येतं. ९×१३ सेंमीच्या कार्डाला हजार पिक्सेल पुरतात, पूर्ण ए४ला साधारण २,३४० लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवत असाल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो लहान होऊनच येतो.

माशांसाठी विकिमीडिया कॉमन्स हे मोफत चित्रांचं संकेतस्थळ बरं. चित्रं मोठी असतात आणि वापराच्या अटी तिथेच लिहिलेल्या असतात. फक्त शोधताना शास्त्रीय नाव टाका. बांगड्यासाठी रास्ट्रेलिगर कनागुर्ता (Rastrelliger kanagurta). (कार्डावर सुरमई लिहायचं की इसवण, ते गावाला विचारून ठरवा.) पार्श्वभूमी पांढरी असलेलं चित्र निवडा. काळ्या किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीवर माशापेक्षा जास्त शाई जाते, आणि साधा कागद ओला होऊन सुरकुततो तो वेगळाच.

वेबपान थेट कधीच छापू नका, जाहिरातींसकट चार पानं बाहेर येतात. विंडोजमध्ये सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये ठेवा, एकदम निवडा, राइट क्लिक करून ‘प्रिंट’ निवडा (विंडोज ११मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’). उजवीकडे ९×१३ सेंमी निवडलं की ए४वर चार चित्रं बसतात, वॉलेट (पाकिटात मावेल असा छोटा आकार) निवडलं की नऊ. खालची ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ची खूण मात्र काढा. मासा लांबट असतो, खूण राहिली तर शेपूट छाटलं जातं. पहिल्यांदा प्रिंटरऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून फाइल पाहून घ्या. चूक झाली तरी कागद वाचतो.

आता दमटपणा. जून ते सप्टेंबर ट्रेमध्ये रीम (कागदाचा अख्खा गठ्ठा) भरून ठेवूच नका. कागद हवेतली ओल शोषतो, मग कडा वळतात, दोन पानं एकत्र ओढली जातात आणि शाई कागदाच्या धाग्यांतून पसरते. लागतील तेवढीच पानं काढा, बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्यांसोबत. साध्या कागदावर कागदाचा प्रकार प्लेन पेपर आणि दर्जा स्टँडर्ड हेच सेटिंग ठेवा. फोटोचं सेटिंग दिलं तर शाई जास्त पडते आणि कागद ती पेलत नाही. लॅमिनेशन करणार असाल तर छपाई एक दिवस वाळू द्या.

प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका, आधी त्याच्याच बटणाने करा. तसं केलं तरच हेड (शाई सोडणारा भाग) टोपीखाली जातं. उघडं राहिलं की नोझल (त्याची बारीक छिद्रं) सुकतात आणि मग साफसफाईत शाई जाते. वीज गेली तर ती परत आल्यावर प्रिंटर एकदा सुरू करून नीट बंद करा. आठवड्यातून एक छोटी रंगीत छपाई काढत राहा. हेड क्लीनिंग मात्र नोझल चेकच्या चाचणी छपाईत रेघा तुटलेल्या दिसल्या तरच करा.